देठाला पडलेला पीळ

‘डॉपलरमध्ये रक्तप्रवाह दिसतोय, म्हणजे पीळ नाही.’ ओटीपोटात अचानक कळ येऊन तळमळणाऱ्या मुलीची डॉपलर सोनोग्राफी झाली की हे वाक्य पुष्कळदा ऐकू येतं. घरच्यांच्या जिवात जीव येतो. सलाइन लागतं, दुखणं थांबवणारं इंजेक्शन दिलं जातं, ‘उद्या बघू’ म्हणून रात्र काढली जाते. बहुतेक मुली सकाळपर्यंत बऱ्या होतात. काहींच्या पोटात मात्र त्याच रात्री एक ओव्हरी मरते.

ते वाक्य चुकीचं का आहे, हे कळलं की ओव्हरीला पीळ पडण्याच्या या आजारात एमआरआयचं काम काय, हेही कळतं.

बीजांडकोश, म्हणजे बोलीभाषेतली ओव्हरी, साधारण मोठ्या बदामाच्या आकाराची असते. लांबी तीन-साडेतीन सेंटिमीटर. गर्भपिशवीच्या दोन्ही अंगांना एकेक. ती कुठे घट्ट चिकटलेली नसते. एक बंध तिला गर्भपिशवीशी जोडतो, दुसरा ओटीपोटाच्या भिंतीशी, आणि मधे ती झोळीसारखी लोंबती राहते. झोळीत वजन ठेवून ती एकाच दिशेने फिरवत राहिलं की दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांना पीळ पडतो. ओव्हरीचं अगदी तसंच होतं. फरक इतकाच, की तिच्या या दोऱ्यांमधूनच तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या जातात. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर या सगळ्या जुडग्याला ‘पेडिकल’ म्हणतात. मराठीत त्याला देठ म्हणणं योग्य होईल, कारण काम देठाचंच आहे: धरून ठेवणं आणि पोसणं.

या देठात दोन वाटांनी रक्त येतं. एक वाहिनी थेट महाधमनीतून निघून खाली उतरते आणि दुसरी गर्भपिशवीच्या धमनीची फांदी असते. निसर्गाने केलेली ही दुहेरी सोय आहे. एक वाट अडली तरी दुसरीतून थोडंफार रक्त पोचत राहतं. त्यातच आणखी एक गोष्ट. जाड रबरी नळी आणि पातळ प्लास्टिकची नळी एकत्र धरून पिळल्या, तर आधी पातळ नळी बंद होते. धमन्यांच्या भिंती जाड असतात, शिरांच्या पातळ. देठाला पीळ पडला की रक्त परत नेणाऱ्या शिरा आणि लसिकावाहिन्या आधी मिटतात. धमनीतून रक्त आत येतच राहतं, पण बाहेर पडायला वाट नसते. ओव्हरी फुगू लागते, तिच्यात पाणी साठतं, मग रक्त साकळतं. सूज इतकी वाढते की शेवटी धमनीही दबते. त्यानंतर पेशी मरू लागतात.

म्हणजे डॉपलरमध्ये धमनीचा प्रवाह दिसतो त्या वेळी पीळ पडलेलाच नसतो असं मुळीच नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या टेबलावर पीळ सिद्ध झालेल्या स्त्रियांपैकी ६० टक्के जणींचा डॉपलर नॉर्मल आला होता. प्रवाह नसणं हा पिळाचा चांगला पुरावा आहे. प्रवाह असणं हा पीळ नसल्याचा पुरावा नाही.

हा आजार नवा नाही. व्हिएन्नातले विकृतीशास्त्रज्ञ कार्ल रोकिटान्स्की यांनी १८६५ सालीच ओव्हरीच्या गाठी स्वतःभोवती फिरून कशा आवळल्या जातात, याचं वर्णन केलं होतं. रोकिटान्स्की हे शवविच्छेदनाचे महारथी. त्यांना दिसणारा आजार मृत्यूनंतर दिसायचा. पुढे पोट उघडण्याच्या शस्त्रक्रिया सुरक्षित झाल्या तसा तो जिवंतपणी, पण टेबलावरच दिसू लागला. पोट न उघडता आतला पीळ पाहता येणं ही गेल्या काही दशकांतली गोष्ट आहे.

पीळ कुणाला पडतो? कोणत्याही वयात पडू शकतो, पण पाळी सुरू असण्याच्या वयात जास्त. ओव्हरीत पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ असेल तर धोका वाढतो; जड फळाचा देठ वळायला वेळ लागत नाही. त्यातही ‘डर्मॉइड’ नावाची साधी, कर्करोगाची नसलेली गाठ वारंवार भेटते. तिच्यात चरबी, केस, कधी चक्क दात सापडतात. एन्डोमेट्रिओसिसमधली गाठ मात्र आसपासच्या भागांना चिकटून बसलेली असल्यामुळे सहसा फिरत नाही. डावीकडे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग जागा अडवून बसतो, म्हणून उजव्या बाजूचा पीळ अधिक आढळतो. उजवीकडेच अपेंडिक्सही असतं, आणि इथून निदानातल्या गोंधळाला सुरुवात होते. लहान मुलींमध्ये तर गाठ नसतानाही, अगदी निरोगी ओव्हरीला पीळ पडतो, कारण त्या वयात तिचे बंध तुलनेने लांब असतात. पाळीसुद्धा न आलेल्या मुलीला ओव्हरीचा आजार होईल, हे घरच्यांच्या मनातही येत नाही.

गरोदरपणाचे सुरुवातीचे महिने हा आणखी एक काळ. आणि वंध्यत्वावरच्या उपचारांत बीजं वाढवण्यासाठी दिली जाणारी इंजेक्शनं ही त्यात गेल्या चाळीस वर्षांत पडलेली मोठी भर. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा हे उपचार नवलाचे होते. आज ते जिल्ह्याच्या गावीही मिळतात. या इंजेक्शनांनी ओव्हरीत एकाच वेळी अनेक बीजं वाढतात, ती मोठी आणि जड होते आणि फिरण्याची शक्यता वाढते. उपचार घेणाऱ्या प्रत्येक जोडप्याला हे आधी सांगितलं गेलं पाहिजे.

१९८५ सालच्या एका अमेरिकन आढाव्यात स्त्रीरोगाच्या तातडीच्या शस्त्रक्रियांमध्ये या आजाराचा वाटा २.७ टक्के भरला होता. आकडा लहान वाटतो. त्यामुळेच हा आजार डॉक्टरांच्या डोक्यात आधी येत नाही.

लक्षणांवरून ओळखावा म्हटलं तर तेही सोपं नाही. खालच्या पोटात एका बाजूला अचानक उठलेली जोरदार कळ आणि बरोबर मळमळ किंवा उलटी, हे नेहमीचं रूप. पण अपेंडिक्समध्येही असंच होतं. मुतखड्यातही होतं. ओव्हरीतली रक्ताची गाठ फुटली तरी होतं. गर्भनलिकेत, म्हणजे नळीत, गर्भ राहिला असेल तर होतं. म्हणून पाळी चुकलेली असो वा नसो, गर्भधारणेची चाचणी सर्वांत आधी केली जाते. कधी पीळ अर्धवट पडतो आणि आपोआप सुटतो. कळ येते, तासाभराने जाते, दोन दिवसांनी पुन्हा येते. अशा मुलीला ‘हिचं नेहमीचंच आहे’ हा शिक्का बसायला वेळ लागत नाही. आपल्याकडे मुलीच्या ओटीपोटातल्या दुखण्याला घरात एकच नाव असतं: पाळीचं दुखणं. ओवा चावायला दिला जातो, हिंग चोळला जातो, गरम पाण्याची पिशवी दिली जाते. ही काळजीच असते, यात शंका नाही. पण पाळीच्या दुखण्याचा एक ठरलेला काळ आणि ओळखीचा सूर असतो, आणि तो त्या मुलीला स्वतःला नेमका माहीत असतो. ‘हे नेहमीसारखं नाही’ असं ती म्हणते तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवला पाहिजे. या आजारासाठी रक्ताची कोणतीही खात्रीची तपासणी नाही; तिचं ते वाक्य हाच पहिला रिपोर्ट आहे.

पहिली तपासणी सोनोग्राफीच, याबद्दल दुमत नाही. ती तालुक्याच्या गावी मिळते, तिच्यात किरणोत्सार नाही आणि ती रुग्णाच्या खाटेशेजारी करता येते. अनुभवी हाताला ती बरंच सांगते: एक ओव्हरी दुसरीपेक्षा खूप मोठी झालेली, कडेला ढकललेली छोटी बीजं मण्यांसारखी रांगेत, आणि नशीब चांगलं असेल तर पिळलेल्या देठाचा भोवरा. या भोवऱ्याला रेडिऑलॉजिस्ट ‘व्हर्लपूल साइन’ म्हणतात. तो दिसला की पुढे फार विचार करायचा नसतो.

अडचण येते ती तो न दिसण्याची. ओव्हरी जवळून पाहायची तर योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी उत्तम. पण अविवाहित मुलींमध्ये आपल्याकडे ती सहसा केली जात नाही. मग पोटावरून पाहावं लागतं. त्यासाठी लघवीची पिशवी भरलेली लागते, आणि उलट्या करणाऱ्या मुलीला पाणी पाजून ती भरण्यात वेळ जातो. शरीर स्थूल असेल, आतड्यात वायू असेल, गर्भपिशवी वाढलेली असेल तर चित्र धूसर होतं. वेदनेने मुलगी हात लावू देत नाही, ते वेगळंच. अपेंडिक्स किंवा मुतखडा गृहीत धरून अनेकदा सीटी स्कॅन होतो, त्यात पिळाच्या खुणा दिसूही शकतात. पण त्यात क्ष-किरणांचा मारा असतो, आणि तो नेमका कोवळ्या ओव्हरीवर पडतो.

इथे एमआरआय उपयोगी पडतो.

या यंत्रात क्ष-किरण नसतात. असतो तो एक प्रचंड चुंबक. बहुतेक रुग्णालयांत तो दीड टेस्ला ताकदीचा असतो, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. त्यातली तारांची वेटोळी द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवलेली असतात. आपल्या शरीरात पाणी आहे, चरबी आहे, आणि दोन्हीत हायड्रोजन आहे. या हायड्रोजनची अणुकेंद्रं चुंबकाच्या प्रभावाखाली येतात. रेडिओलहरींचा एक धक्का दिला की ती विचलित होतात आणि धक्का थांबताच पुन्हा मूळ जागी येतात. परतताना ती क्षीण संदेश देतात. पाण्यातला हायड्रोजन, चरबीतला हायड्रोजन आणि साकळलेल्या रक्ताजवळचा हायड्रोजन वेगवेगळ्या वेळात मूळ पदावर येतात. या वेळांच्या फरकातून चित्र उभं राहतं. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये असं चित्र काढता येतं हे दाखवलं, पीटर मॅन्सफिल्ड यांनी त्यामागचं गणित आणि वेग दिला, आणि दोघांना २००३ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

ओव्हरीच्या पिळात नेमकं काय काय घडतं ते आठवून पाहिलं तर हे यंत्र या आजारासाठीच घडवल्यासारखं वाटतं. शिरा मिटतात, पाणी साठतं: एमआरआयच्या ‘टी-टू’ चित्रात पाणी पांढरं चमकतं, त्यामुळे ओव्हरीचा सुजलेला मधला भाग उजळ दिसतो आणि कडेला सरकलेली बीजं त्याहून उजळ, मोत्याच्या सरासारखी. मग रक्त साकळतं. ‘टी-वन’ चित्रात असं काही काळ मुरलेलं रक्त पांढरं दिसतं. पण चरबीही पांढरीच दिसते. आता गाठ डर्मॉइडची असेल तर? आतलं पांढरं म्हणजे रक्त की चरबी? यावरची युक्ती फार देखणी आहे. तेच चित्र पुन्हा काढताना चरबीचा संदेश मुद्दाम दाबून टाकतात. चरबी होती ती काळी पडते. त्यानंतरही जे पांढरं उरतं ते रक्त. साकळलेलं रक्त ओव्हरीच्या कडेने किंवा नळीत दिसलं, की डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडते, कारण तो नुकसान सुरू झाल्याचा इशारा असतो.

याखेरीज देठ स्वतः दिसतो. जाड झालेली, गुंडाळलेली नळी दिसते. एमआरआय कोणत्याही कोनातून काप घेऊ शकतो, त्यामुळे जो भोवरा सोनोग्राफीच्या एका कोनातून निसटतो तो इथे दुसऱ्या कोनातून सापडतो. गर्भपिशवी पिळाच्या बाजूला ओढली गेलेली दिसते, जसं दोर आखडला की खुंटा वाकतो. ‘डिफ्यूजन’ नावाच्या चित्रांत पाण्याच्या कणांची हालचाल कुठे अडली आहे ते कळतं, आणि रक्ताविना गुदमरलेल्या भागात ती अडते. मात्र तरुण वयात निरोगी ओव्हरीही या चित्रात थोडी उजळ दिसू शकते, म्हणून जाणकार रेडिऑलॉजिस्ट केवळ एवढ्यावर निकाल देत नाही. शेवटी गरज वाटली तर शिरेतून गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट द्रव्याचं इंजेक्शन देतात. ओव्हरीने ते अजिबात उचललं नाही तर तिथपर्यंत रक्त पोचत नाही, हे उघड होतं. थोडं उचललं, तर? तर पीळ नाही असं म्हणता येत नाही. डॉपलरची तीच जुनी गोष्ट, कारण तेच: दोन वाटांनी येणारं रक्त.

आकड्यांत सांगायचं तर २०२१ मध्ये ‘बीजेओजी’ या ब्रिटिश नियतकालिकात आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात खरोखर पीळ असलेल्या स्त्रियांपैकी सोनोग्राफीने सुमारे ७९ टक्के आणि एमआरआयने सुमारे ८१ टक्के ओळखल्या होत्या. फरक नगण्य. पण पीळ नसलेल्या स्त्रियांना ‘नाही’ असं अचूक सांगण्यात सोनोग्राफी ७६ टक्क्यांवर होती आणि एमआरआय ९१ वर. या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. पीळ पकडण्यात एमआरआय फार पुढे नाही. त्याची खरी ताकद आहे ती दुसरा आजार ओळखून नको असलेली शस्त्रक्रिया टाळण्यात. आणि तरीही शंभरातल्या एकोणीस पिळलेल्या ओव्हऱ्या त्याच्याही नजरेतून सुटतात, हे विसरून चालणार नाही.

ही ताकद सर्वांत जास्त कुठे कामाला येते, तर गरोदरपणात. चौथ्या महिन्यातल्या एखाद्या स्त्रीच्या पोटात उजवीकडे असह्य दुखतं आहे, असं धरू. सोनोग्राफीत गर्भपिशवीशेजारी एक गोळा दिसतो. तो सुजलेली ओव्हरी आहे की फायब्रॉइड, म्हणजे गर्भपिशवीच्या भिंतीतली साधी गाठ? गरोदरपणात फायब्रॉइडचा रक्तपुरवठा कमी पडून तो आतून कुजू शकतो आणि तसंच जीवघेणं दुखतं. पण त्याला सहसा शस्त्रक्रिया लागत नाही, विश्रांती आणि औषधांवर ते निवळतं. ओव्हरीचा पीळ असेल तर ऑपरेशन टाळणं म्हणजे ओव्हरी घालवणं. एकीकडे विनाकारण भूल आणि शस्त्रक्रिया, दुसरीकडे उशीर. एमआरआयच्या चित्रात गोळा गर्भपिशवीच्या भिंतीतून निघाला आहे की देठावर फिरला आहे ते बहुतेक वेळा स्पष्ट दिसतं, आणि अपेंडिक्सही त्याच फेरीत तपासून होतं. श्वास रोखायला न लावणाऱ्या वेगवान चित्रांनी हे काम पंधरा-वीस मिनिटांत उरकता येतं.

पोटातल्या बाळाचं काय, हा प्रश्न घरातले सगळेच विचारतात आणि तो रास्त आहे. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या १४ लाखांहून अधिक प्रसूतींची माहिती तपासून २०१६ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. पहिल्या तीन महिन्यांत गॅडोलिनियमशिवाय झालेल्या एमआरआयमुळे बाळाला धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. गॅडोलिनियम दिलेल्या मातांच्या बाळांमध्ये मात्र काही धोके वाढलेले दिसले. म्हणून गरोदर स्त्रीला ते इंजेक्शन टाळतात, आणि पिळाच्या निदानासाठी त्याविनाची चित्रं सहसा पुरतात.

इतकं कौतुक केल्यावर या यंत्राचा मोठा दोष सांगायलाच हवा. तो म्हणजे वेळ. चित्रं काढायला लागणारी मिनिटं नव्हेत. यंत्रापर्यंत पोचायला लागणारे तास. आपल्याकडे तालुक्याच्या गावी सोनोग्राफी होते, एमआरआयसाठी जिल्ह्याला किंवा मोठ्या शहरात जावं लागतं. गाडी ठरवायची, पैसे जमवायचे, नंबर लागायचा, टेक्निशियन घरून यायचा, रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर मिळायचा. तोवर देठ पिळलेलाच असतो. पुरुषांत वृषणाला पीळ पडतो तेव्हा सहा तासांचं गणित सांगितलं जातं. ओव्हरीच्या बाबतीत असं घड्याळ कुणी हातात देत नाही. दुहेरी रक्तपुरवठ्यामुळे काही ओव्हऱ्या दिवसभरानंतरही वाचतात, काही त्याआधीच जातात. पण उशीर जितका, वाचण्याची आशा तितकी कमी, याबद्दल मतभेद नाहीत.

अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘एसीओजी’ या संघटनेने ऑगस्ट २०१९ मध्ये किशोरवयीन मुलींतल्या पिळाबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. लक्षणं किंवा कोणतंही चित्र एकट्याने पीळ असल्याची खात्री देऊ शकत नाही आणि हा शस्त्रक्रियेचा तातडीचा आजार आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. शेवटची खात्री पोटात दुर्बीण घालूनच होते. म्हणून लक्षणं बोलकी असतील आणि सोनोग्राफीत ओव्हरी सुजलेली दिसत असेल, तर एमआरआयच्या रांगेत उभं राहणं ही चूक आहे. प्रकरण खरोखर अडलेलं असेल, गरोदरपण असेल, दुखणं थांबून थांबून येत असेल, दुसऱ्या आजाराचीही तितकीच शंका असेल आणि यंत्र त्याच इमारतीत असेल, तर मात्र तेवढा वेळ सत्कारणी लागतो.

दुर्बीण आत गेल्यावर जे दिसतं ते अनेकदा भयंकर असतं. ओव्हरी जांभळी, निळी, कधी कोळशासारखी काळी. एके काळी असं दिसलं की ती काढून टाकण्याचीच पद्धत होती. कारणंही दिली जात. मेलेला अवयव आत कशाला ठेवायचा, हे एक. दुसरं असं, की पीळ सोडवला तर शिरेत साकळलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात जाईल. १९९९ मध्ये जुन्या नोंदींचा आढावा घेतला गेला तेव्हा ही भीती पोकळ निघाली. गुठळीचा धोका अगदी क्वचित, ०.२ टक्क्यांच्या घरात, आणि पीळ सोडवल्याने तो वाढत नाही. काळा रंगही फसवा असतो. तो साकळलेल्या रक्ताचा रंग असतो, मरणाचाच असतो असं नाही. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये पीळ सोडवून ओव्हरी जागेवरच ठेवलेल्या शंभराहून अधिक स्त्रियांचे निष्कर्ष मांडले. नंतर तपासलेल्या स्त्रियांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणींच्या त्याच काळ्या पडलेल्या ओव्हरीत बीजं पुन्हा वाढू लागली होती. आज मार्गदर्शन सरळ आहे: मुलीची ओव्हरी काळी दिसते एवढ्यावरून ती काढू नये, पीळ सोडवावा आणि ठेवावी.

ही माहिती घरांपर्यंत पोचणं फार गरजेचं आहे. ‘लग्न व्हायचंय, पोटाला हात कशाला लावायचा’ या काळजीने अनेक घरांत शस्त्रक्रियेचा निर्णय रेंगाळतो. वास्तवात मुलीचं मातृत्व वाचवणारी शस्त्रक्रिया तीच असते. दुर्बिणीची छिद्रं सेंटिमीटरभराची असतात आणि पीळ उलगडायला काही मिनिटं पुरतात. आणि एक ओव्हरी गेलीच, तरी दुसरी निरोगी असेल तर पाळी येते, मूलही होऊ शकतं. हे त्या मुलीला कुणीतरी जवळ बसून सांगितलं पाहिजे.

एमआरआयची वेळ आलीच, तर त्याआधीच्या धावपळीत काही गोष्टी विसरू नयेत. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, पैंजण तर काढायचेच. पण साडीच्या किंवा ओढणीच्या पिना आणि केसांतल्या आकड्या जास्त धोक्याच्या, कारण त्या लोखंडाच्या असतात. तांबी बसवलेली असेल तर बहुतेक बायका घाबरतात. तांबं चुंबकाकडे खेचलं जात नाही आणि तांबी असताना एमआरआय करता येतो. दुर्बिणीतून नसबंदी करताना नळीवर बसवलेली रिंगही सिलिकॉनची असते. तरीही दोन्ही गोष्टी टेक्निशियनला सांगाव्यात. पेसमेकर किंवा कानाच्या आतलं यंत्र असेल तर सांगणं अत्यावश्यक आहे. किडनीचा आजार असेल तर गॅडोलिनियमआधी सांगणंही तितकंच. आणि नातेवाइकांनी त्या खोलीत काहीही घेऊन जाऊ नये. चुंबक दिवसरात्र चालू असतो, यंत्र थांबलेलं दिसलं तरी. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात रुग्णासोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला आणि क्षणात यंत्राकडे ओढला जाऊन मृत्युमुखी पडला.

खालच्या पोटात एका बाजूला अचानक जोरदार कळ आली आणि सोबत उलटी झाली, तर मुलगी आठ वर्षांची असो की अठ्ठावीसची, त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासात, जिथे सोनोग्राफीही होते आणि दुर्बिणीची शस्त्रक्रियाही, अशा रुग्णालयात न्यावं. भूल द्यावी लागू शकते, म्हणून वाटेत काही खायला देऊ नये. ओव्हरीत गाठ असल्याचं आधीपासून माहीत असेल किंवा मूल होण्यासाठी इंजेक्शनं चालू असतील, तर ते दारातच सांगावं. डॉपलर नॉर्मल आला आणि दुखणं मात्र थांबत नसेल, तर ‘तरीही पीळ असू शकतो का?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा. आणि एमआरआयसाठी दुसरीकडे जायला सांगितलं, तर निघण्याआधी आणखी एक विचारावं: रिपोर्ट हातात येईपर्यंत किती वेळ जाईल, आणि तेवढ्या वेळात इथे थेट दुर्बीण घालता येईल का?